'नैतिक पुनःशस्त्रीकरण': शब्दाची आणि श्रेयाची पार्श्वभूमी

'नैतिक पुनःशस्त्रीकरण' (Moral Re-Armament) ही आधी माणूस बदला, मग समाज बदलेल असे मानणारी चळवळ. तिच्या चार कसोट्या म्हणजे पूर्ण प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा आणि प्रेम; पहाटेचे मौन म्हणजे रोज सकाळी शांत बसून आतला आवाज ऐकणे. पद्धतीचे मूळ मात्र एका किरकोळ भांडणात आहे. १९०८ साली इंग्लंडमधल्या केझिक येथे तिचे संस्थापक, अमेरिकी धर्मोपदेशक फ्रँक बुकमन यांनी, ज्यांच्याशी बिनसले होते त्या आपल्या जुन्या वसतिगृहाच्या सहा विश्वस्तांना माफीची पत्रे पाठवली. उत्तर एकाचेही आले नाही. पुढचा सारा शिरस्ता त्यातलाच: आधी आपला दोष, तो नेमका आणि लेखी, उत्तराची अपेक्षा न ठेवता. 'तुमचेही चुकलेच' हे शेपूट जोडले की माफी उरत नाही, तिचे रूपांतर दाव्यात होते.

हे राष्ट्रांना लागू करताना २९ मे १९३८ रोजी लंडनच्या ईस्ट हॅममध्ये जो शब्द निवडला, तोच पुढे नडला. युरोप तेव्हा तोफा ओतत होता आणि 'पुनःशस्त्रीकरण' रोजच्या बातम्यांत होते. तिथूनच तो उचलला. मराठीत 'पुनरुत्थान' म्हणावे तर शस्त्र गळते, 'शस्त्रसज्जता' म्हणावे तर 'पुन्हा' गळते. चळवळ युद्धविरोधी आहे असा समज अनेकांचा झाला. ती तशी नव्हती. शिवाय शस्त्र म्हटले की समोर शत्रू लागतो. शीतयुद्धात तो साम्यवादाच्या रूपाने सापडला आणि आत्मपरीक्षणाची जागा बरीचशी प्रचाराने घेतली. नाव बदलायला २००१ उजाडले.

खरे काम झाले ते १९४६पासून, स्वित्झर्लंडमधल्या को (Caux) गावच्या जुन्या हॉटेलात भरणाऱ्या चळवळीच्या बैठकांत. जर्मनांना तिथे मुद्दाम बोलावले जाई. १९४७मध्ये प्रतिकार चळवळीतली एक फ्रेंच समाजवादी कार्यकर्ती त्यांना पाहून निघून जायला तयार झाली होती. शेवटी तिने भर सभेत त्यांची क्षमा मागितली. क्षमा होती ती स्वतःच्या द्वेषाबद्दल. नाझी अत्याचारांना तिने माफी दिली नव्हती, आणि हा भेद सांगताना हमखास सुटतो.

फ्रान्स आणि जर्मनीचे कोळसा-पोलाद उत्पादन एका सामाईक नियंत्रणाखाली आणण्याच्या ९ मे १९५०च्या योजनेचे श्रेयही पुष्कळदा या बैठकांना दिले जाते. ते अर्धेच पटते. ओळखी आणि भरवसा तिथे वाढला. मसुदा पॅरिसच्या नियोजनकारांचा होता, आणि ऱ्हूर या जर्मन खाणपट्ट्यातल्या कोळशाचा प्रश्न माफीने सुटणारा नव्हता. जपानी पंतप्रधान किशी यांच्या १९५७च्या आग्नेय आशियातल्या, युद्धातल्या कृत्यांबद्दलच्या माफी-दौऱ्याचे श्रेयही चळवळीला दिले जाते, त्याचेही तसेच: फिलिपिन्सशी ५५ कोटी डॉलरच्या भरपाईचा करार आदल्याच वर्षी झाला होता.