‘शेतकरी ऐकत नाहीत’ या वाक्याच्या पोटातला सिद्धांत

डिसेंबर सरत आला की विदर्भाच्या कापूसपट्ट्यात दरवर्षी एक सूचना फिरते: फरदड (मुख्य हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून घेतलेला उशिराचा कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं उपटा, शेत मोकळं करा. कारण पक्कं आहे. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कापसावर जगते. पीक मार्चपर्यंत उभं राहिलं की तिला खाणं मिळत राहतं, पिढ्यांमागून पिढ्या निघतात आणि पुढच्या हंगामातल्या पऱ्हाटीवर लवकर हल्ला होतो. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून हे सांगितलं जातं, कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर पोस्टर लागतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतात. तरी फेब्रुवारीत कितीतरी शेतांत हिरवी पऱ्हाटी उभीच असते. मग आढावा बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘शेतकरी ऐकतच नाहीत.’

या वाक्यात एक समजूत गृहीत धरलेली आहे: माहिती इकडून तिकडे पाठवायची असते, आणि ती पोचूनही काम झालं नाही तर दोष घेणाऱ्याचा. संवादाचा अभ्यास करणारे विद्वान याच समजुतीवरून गेली पाऊणशे वर्षं भांडत आहेत. भांडण विद्यापीठांतलं असलं तरी त्याचा निकाल बांधावरच्या माणसावर येऊन पडतो, म्हणून ते समजून घ्यायला हवं.

1948 साली बेल लॅबोरेटरीजमधल्या क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. संदेश, तारेतला गोंगाट, घेणारं यंत्र, असा तो हिशेब. संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. पण चित्र इतकं सुटसुटीत होतं की माणसामाणसांतल्या बोलण्यालाही ते लावलं गेलं. त्याच वर्षी हॅरल्ड लासवेल यांनी प्रश्नांची साखळी दिली: कोण बोलतं, काय बोलतं, कोणत्या माध्यमातून, कोणाशी, आणि परिणाम काय होतो. आजही कित्येक सरकारी मोहिमांचा आराखडा याच साखळीवर बेतलेला दिसतो. ऐकणारा त्यात शेवटाकडे येतो, आणि त्याला विचारायला साखळीत जागाच नाही.

शेतीपुरतं पाहिलं तर या समजुतीला धक्का त्याआधीच बसला होता. 1943 साली ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हायब्रिड मक्याचा प्रसार कसा झाला ते तपासलं. 259 शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. नव्या बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्यांकडून आधी कळली होती, पण पेरायचं की नाही हे ठरवताना भार शेजाऱ्याच्या अनुभवावर होता. यातूनच पुढे एव्हरेट रॉजर्स यांचा प्रसार-सिद्धांत उभा राहिला. 1962 च्या त्यांच्या मांडणीत नवं स्वीकारणाऱ्यांचे पाच गट आहेत आणि शेवटच्या 16 टक्क्यांना ‘मागे रेंगाळणारे’ असं नाव आहे. रॉजर्स स्वतः आयोवाच्या शेतकरी घरातले. त्यांच्या वडिलांनी हायब्रिड मका घ्यायचं टाळलं होतं, आणि 1936 च्या दुष्काळात त्यांचं पीक वाळलं तेव्हा शेजारचा हायब्रिड मका उभा होता. हे जगलेल्या माणसाला नव्या बियाण्याची बाजू घ्यावीशी वाटली तर नवल नाही. रॉजर्स यांचा मोठेपणा असा की आपल्याच परंपरेतला दोष त्यांनी पुढे लिहून ठेवला: नवं ते चांगलंच असं धरून चालणं, आणि व्यवस्थेचं अपयश एकेका माणसाच्या माथी मारणं.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे याहून पुढे गेले. चिलीत निर्वासित असताना 1969 च्या सुमारास त्यांनी शेतीतज्ज्ञांच्या कामावर लिहिलं. तज्ज्ञ आपलं ज्ञान शेतकऱ्याच्या डोक्यात ओततो तेव्हा संवाद घडतच नाही. ज्ञान दोघांनी मिळून घडवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते निम्मं पटतं. फरदडीचे पैसे हंगाम संपल्यावर हाती येतात, त्यासाठी नवं बियाणं नको, नांगरट नको. हा हिशेब शेतकरी जाणतो आणि पोस्टरवर त्याचा उल्लेखही नसतो. पण अळी हंगामाबाहेर कुठे सुप्त राहते, हे पारावर गप्पा मारून ठरत नाही. ते प्रयोगशाळेत आणि शेतात मोजूनच कळतं.

याहून खोल वाद वक्तृत्वशास्त्रातला, म्हणजे पटवून देणाऱ्या बोलण्याच्या अभ्यासातला आहे. 1968 साली लॉइड बिट्झर यांनी म्हटलं की परिस्थिती आधी असते. तिच्यात काहीतरी निकडीचं घडतं आणि ती बोलणं मागते. 1973 साली रिचर्ड व्हॅट्झ यांनी हे उलटवलं: घटना शेकडो असतात, त्यातली कोणती निकडीची आणि तिला नाव काय, हे बोलणारा ठरवतो, म्हणून जबाबदारीही त्याचीच. विदर्भात गुलाबी बोंडअळीने गाजलेला 2017 चा हंगाम आठवणाऱ्याला या वादाचं वजन लगेच कळेल. बोंडं किडली होती, हे बिट्झर यांच्या बाजूचं. अळी कुणाच्या भाषणातून जन्मली नव्हती. पण ती नैसर्गिक आपत्ती म्हणायची, बियाण्याचा दोष म्हणायचा, की फरदड घेणाऱ्यांची चूक म्हणायची? पहिल्या नावाने भरपाई सरकारकडे मागावी लागते, दुसऱ्याने कंपनीकडे, आणि तिसऱ्या नावाने शेतकऱ्याला खाली मान घालून घरी जावं लागतं. व्हॅट्झ नेमकं हेच सांगत होते.

विश्वास कुठून येतो, हा प्रश्न तर सव्वादोन हजार वर्षांहून जुना. ऍरिस्टॉटलच्या मते वक्त्याबद्दलचा भरवसा भाषणातूनच निर्माण व्हायला हवा, आधीच्या नावलौकिकातून नव्हे. त्याच शतकातला आयसोक्रेटिस म्हणायचा की माणसाच्या शब्दांपेक्षा त्याचं जगणं जास्त पटवतं. हा वाद अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांपाशी आणून पाहावा. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. सकाळपासून आपलं गाव झाडताना ज्याला पाहिलं, तोच संध्याकाळी कर्ज, दारू आणि पशुहत्येबद्दल बोलायला उभा राही. इथवर आयसोक्रेटिसचं पारडं जड. पण बाबांचं कीर्तनही पाहा: ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकायचे, उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचायचे. निष्कर्षापर्यंत श्रोता आपल्या पायांनी चालत जाई. त्या कीर्तनाला पाठवणारा-घेणारा ही चौकट कशी लावायची? मला तरी लावता येत नाही.

इतके सिद्धांत, मग त्यातला खरा कोणता? जेम्स अँडरसन यांनी 1996 साली संवादशास्त्राची सात पाठ्यपुस्तकं तपासली, तर त्यांत 249 सिद्धांत निघाले आणि त्यांतले 195 एकेकाच पुस्तकात होते. 1999 साली रॉबर्ट क्रेग यांनी तोडगा सुचवला: संवादाकडे पाहण्याच्या सात परंपरा माना आणि व्यवहारातल्या प्रश्नांवर त्यांना आपसात वाद घालू द्या. डेव्हिड मायर्स यांनी 2001 मध्ये आक्षेप घेतला की अशाने सगळेच दावे मांडीला मांडी लावून बसतात आणि चुकीचा कोणता हे ठरतच नाही. मी मायर्स यांच्या बाजूने झुकतो. शेताशी निगडित प्रश्नांत तरी पडताळा शक्य आहे, आणि आपल्याच राज्याच्या मातीत तो एकदा घेतला गेला आहे.

1956 च्या सुरुवातीला पुणे आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पश्चिम महाराष्ट्र-नाशिकच्या पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता.) कार्यक्रम ऐकायचा, गटात चर्चा करायची, ठरवायचं, आणि शंका लिहून आकाशवाणीला परत पाठवायच्या. टाटा समाजविज्ञान संस्थेत आलेल्या पॉल न्यूरथ यांनी तुलना केली: मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. मंडळांच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. नुसत्या रेडिओच्या गावांत फारसा फरक पडला नाही. प्रसारण तेच, संदेश तोच.

फरदडीचा प्रश्न या पद्धतीला तंतोतंत बसणारा आहे, कारण बोंडअळीचा पतंग धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओळखत नाही. एकट्याने पऱ्हाटी उपटली तर त्याचं फेब्रुवारीचं उत्पन्न जातं आणि अळी शेजारच्या वावरातून येतेच. ‘साहेब, माह्या एकट्याच्या उपटण्यानं काय होते? बाजूवाल्याची त उभीच हाये,’ असं शेतीशाळेत कुणी म्हणालं तर त्याने सूचना नीट ऐकली आहे, समजली आहे आणि तिच्यातली उणीवही दाखवली आहे. त्याला पुन्हा पोस्टर देऊन भागणार नाही. एका शिवारातल्या सगळ्या कापूसवाल्यांना एकत्र बसवून, कोण कोणत्या तारखेला उपटणार, ज्याच्याकडे पाणी आहे तो त्याजागी काय पेरणार आणि ज्याच्याकडे नाही त्याचं नुकसान कोण भरणार, हे बोलावं लागेल. काही शिवारांत अशी बैठक, काहींत फक्त भोंगा, आणि मार्चमध्ये दोन्हीकडची उभी पऱ्हाटी मोजायची. पुढच्या हंगामात दोन्हीकडच्या कामगंध सापळ्यांतले (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांतले) पतंगही मोजायचे.