उच्चार एक, स्पेलिंग वेगळे : छपाईला इंग्रजी मजकूर देण्यापूर्वी

सन्माननीय ग्राहक,

नौपाड्यातील आमच्या छपाईच्या दुकानात व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, पत्रिका आणि पाट्यांसाठी येणारा इंग्रजी मजकूर पुष्कळदा फोनवर सांगितलेला असतो. अशा मजकुरात सारख्या उच्चाराच्या शब्दांची अदलाबदल सहज होते, आणि संगणकाचा स्पेलचेक तिथे फारसा कामाला येत नाही; कारण चुकीच्या जागी बसलेला शब्दही शब्द म्हणून बरोबरच असतो.

गॅरेजच्या पाटीचेच पाहा. गाडी थांबवणाऱ्या ब्रेकचे स्पेलिंग बी-आर-ए-के-ई असे आहे. बी-आर-ई-ए-के म्हणजे मोडणे, त्यामुळे हे स्पेलिंग घालून 'ब्रेक स्पेशालिस्ट' छापले तर मालक मोडतोडीतले तज्ज्ञ ठरतात. वागळे इस्टेटमधील कारखान्यांच्या पत्रकांत येणारा, पत्र्याला आकार देणारा डाय हा डी-आय-ई, तर कापडाचा रंग डी-वाय-ई. रंगकामाला 'डाइंग' म्हणताना डी-वाय-ई-आय-एन-जी असा मधला 'ई' मुद्दाम राखलेला असतो. तो गाळला की त्या शब्दाचा अर्थ 'मरणारा' असा होतो, आणि कोणत्याही कापड व्यावसायिकाला आपल्या बिलावर तो नको असेल.

काही घोटाळे मुळात इंग्रजीतले नाहीत, आपल्या कानाचे आहेत. मराठीत 'व' एकच असल्याने इंग्रजीतील 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण सारखेच उच्चारतो. म्हणून 'ठाणे वेस्ट' लिहिताना डब्ल्यूऐवजी व्ही पडला, तर पत्त्यात पश्चिमेच्या जागी बनियन येते. 'सेल' या एका उच्चारात तर आपण तीन शब्द कोंबतो. दुकानातील सवलतीचा सेल एस-ए-एल-ई, विकणे हे क्रियापद एस-ई-एल-एल आणि घड्याळातला सेल सी-ई-एल-एल.

वह्या-पेनांच्या दुकानासाठी 'स्टेशनरी'त शेवटच्या आर-वायच्या आधी 'ई' हवा. तिथे 'ए' असेल तर अर्थ 'स्थिर, एका जागी उभा' असा होतो. मुख्याध्यापक आणि कर्जाचे मुद्दल या दोन्ही अर्थांच्या 'प्रिन्सिपल'चा शेवट पी-ए-एल असा, तर तत्त्व या अर्थाच्या शब्दाचा पी-एल-ई असा आहे. भेटवस्तूवरील 'विथ कॉम्प्लिमेंट्स'मध्ये एलनंतर 'आय' येतो. 'ई' आल्यास तो पूरक या अर्थाचा शब्द होतो. मेनूकार्डावरील गोड पदार्थाच्या डेझर्टमध्ये दोन 'एस' असतात, वाळवंटात एकच.

असे का झाले, याचे एक कारण आमच्याच व्यवसायात आहे. इंग्लंडमधील पहिले मुद्रक विल्यम कॅक्स्टन यांनी 1476 मध्ये लंडनजवळील वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला आणि छपाईच्या प्रसाराबरोबर इंग्रजी स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले. उच्चार मात्र त्यानंतरही बदलत राहिले. मांस या अर्थाचा 'मीट' आणि भेटणे या अर्थाचा 'मीट' यांचे स्वर पूर्वी वेगळे होते. आज ते एकच झाले, पण एम-ई-ए-टी आणि एम-ई-ई-टी ही जुनी स्पेलिंगे तशीच राहिली.

'लायसन्स'सारखा शब्द थोडा निराळा आहे. ब्रिटिश पद्धतीत परवाना या नामात शेवटी सी-ई आणि परवाना देणे या क्रियापदात एस-ई येते, अमेरिकन पद्धतीत दोन्हीकडे एस-ई. आपल्याकडील सरकारी कागदपत्रांत सहसा ब्रिटिश पद्धत असते, म्हणून आम्हीही तीच वापरतो. अमेरिकेतील ग्राहकांसाठी मजकूर असल्यास आधी सांगावे.

मजकूर शक्यतो लिहून द्यावा आणि शंका वाटेल त्या शब्दाशेजारी त्याचा मराठी अर्थ पेन्सिलीने लिहावा. 'मुद्दल' किंवा 'तत्त्व' एवढे वाचले तरी अक्षरजुळणी करणाऱ्याला योग्य स्पेलिंग निवडता येते. प्रूफ मोबाइलच्या पडद्यावर न पाहता छापील कागदावर वाचावे, कारण आपली सही झाल्यावर छपाईची प्लेट निघते आणि त्यानंतरच्या दुरुस्तीसाठी नव्या प्लेटचा खर्च येतो.