इंग्रजीतील शब्दसमूहाबद्दल एक शब्द

एखादे लांबलचक वर्णन देऊन त्याचा संपूर्ण आशय सांगणारा एकच इंग्रजी शब्द ओळखणे, तो लक्षात ठेवणे आणि योग्य ठिकाणी योजणे, असा हा शब्दसंग्रहाच्या अभ्यासाचा एक प्रकार आहे. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ म्हणतात. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी मात्र ‘वन वर्ड सब्स्टिट्यूशन’ हेच नाव रुळले आहे. स्पर्धा परीक्षांत वर्णन दिलेले असते आणि चार पर्यायांतून शब्द निवडायचा असतो. नेहमीचा शब्दकोश शब्दाकडून अर्थाकडे नेतो, तर येथे अर्थाकडून शब्दाकडे जायचे असते, आणि ही उलटी वाट बरीच अवघड आहे: वाचताना सहज कळणारा शब्द लिहिताना आठवेलच, असे नाही.

इंग्रजीत असे शब्द विपुल असण्याचे कारण तिच्या उसनवारीत आहे. सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शेकडो शब्द इंग्रजीत आणले. त्यांवर टीकाही झाली. शिंगाच्या दौतीवरून अशा बोजड शब्दांना ‘इंकहॉर्न टर्म्स’ असे हिणवले जाई. पुढे 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्री याने सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचे सोप्या इंग्रजीत स्पष्टीकरण देणारा कोश प्रसिद्ध केला. इंग्रजीचा पहिला एकभाषिक कोश म्हणून तो ओळखला जातो. त्यात एका बाजूला कठीण शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्याचा साधा उलगडा होता. आजच्या अभ्यासपुस्तकांतील याद्या हीच मांडणी उलट्या बाजूने वाचतात.

हे शब्द बहुधा जोडशब्द असतात, म्हणून ते सुटे पाठ करण्यापेक्षा त्यांचे घटक ओळखणे फायद्याचे ठरते. ‘मारणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेला ‘साइड’ हा अंत्य घटक ‘मॅट्रिसाइड’ म्हणजे मातृहत्या, ‘पॅट्रिसाइड’ म्हणजे पितृहत्या आणि ‘फ्रॅट्रिसाइड’ म्हणजे भ्रातृहत्या या तिन्ही शब्दांत आहे. मराठी वाचकाला येथे एक जास्तीची सोय मिळते. लॅटिनमधील ‘माटेर’, ‘पाटेर’, ‘फ्राटेर’ आणि संस्कृतातील ‘मातृ’, ‘पितृ’, ‘भ्रातृ’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, त्यामुळे ज्याने मराठीत मातृहत्या हा शब्द वाचला आहे, त्याला ‘मॅट्रिसाइड’चा अर्धा भाग आधीच माहीत असतो. ग्रीकमधील नकारार्थी ‘अ’ आणि ‘अन्’ हे उपसर्गही संस्कृतातल्यासारखेच वागतात: ‘अ‍ॅनार्की’ची घडण थेट ‘अराजक’ची आठवण करून देते, आणि ‘अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे शब्दशः अनाम. लॅटिनच्या ‘इन्’ उपसर्गाला तर चक्क संधीचे नियम लागतात. पुढे ‘ल’ आला की ‘इलेजिबल’, ‘र’ आला की ‘इरेव्होकेबल’ आणि ‘प’ आला की ‘इम्पॉसिबल’ अशी रूपे होतात. याद्या घोकणाऱ्याला हे तीन वेगळे उपसर्ग वाटतात, प्रत्यक्षात तो एकच आहे.

सर्वच शब्द प्राचीन नाहीत. अज्ञेयवादी या अर्थाचा ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली याने 1869 मध्ये घडवला. एखाद्या मानवसमूहाचा पद्धतशीर संहार या अर्थाचा ‘जेनोसाइड’ हा शब्द राफाएल लेमकिन या विधिज्ञाने ग्रीक आणि लॅटिन घटक जोडून 1944 मध्ये रूढ केला. नाव नसलेल्या गुन्ह्याला कायद्यात पकडणे कठीण असते, म्हणून येथे शब्द मिळणे हीच मोठी गोष्ट होती. केवळ आटोपशीरपणासाठी तो घडवलेला नव्हता. काही शब्दांच्या पोटात जुना अर्थ दडलेला असतो. दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून मिरवणे, म्हणजे ‘प्लेजिअरिझम’, हा शब्द माणसे पळवून नेणाऱ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शल याने तो शब्द काव्यचोराला उद्देशून वापरला होता.

अभ्यासपुस्तकांतील याद्या मात्र डोळे मिटून स्वीकारण्याजोग्या नसतात. ‘अनेक बायका असण्याची प्रथा’ या वर्णनापुढे अनेकदा ‘पॉलिगमी’ हे उत्तर छापलेले असते; वास्तविक त्या शब्दात फक्त बहुविवाह आहे, बहुपत्नीत्वासाठी ‘पॉलिजिनी’ आणि बहुपतित्वासाठी ‘पॉलिअँड्री’ असे स्वतंत्र शब्द आहेत. ‘रेजिसाइड’ म्हणजे राजाची हत्या आणि ती करणारा मनुष्यही. तेव्हा वर्णन ‘जो’ने सुरू होते की कृती सांगते, यावर उत्तर ठरवता येत नाही. ‘इलेजिबल’ म्हणजे अक्षर लागत नाही म्हणून वाचता न येणारे. मजकूर कंटाळवाणा किंवा अगम्य असेल, तर मात्र ‘अनरीडेबल’ हाच शब्द हवा. ‘पॉस्च्युमस’ हा शब्द लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला लागतो, तसाच पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या अपत्यालाही. त्याचे मूळ ‘सर्वांत शेवटचा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पुढे माती या अर्थाच्या ‘हुमुस’शी त्याचा चुकीचा संबंध जोडला गेला आणि लेखनात एक ‘एच’ घुसला. उच्चारात तो आजही नाही.

शब्द सापडला म्हणून तो वापरलाच पाहिजे, असेही नाही. टपाल तिकिटे जमवणाऱ्याला ‘फिलॅटेलिस्ट’ म्हणतात. आगाऊ तिकीट लावल्यामुळे पत्र घेणाऱ्यावर शुल्काचा बोजा पडत नसे, म्हणून ‘करमुक्ती’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 1864 मध्ये फ्रेंच भाषेत हे नाव घडले. तरीही साध्या इंग्रजीत ‘स्टॅम्प कलेक्टर’ हेच अधिक चालते, आणि पत्नीच्या खुनाला ‘अक्झोरिसाइड’ म्हटले, तर बहुतेक वाचक अडखळतील. उलट ‘सत्तरीतील गृहस्थ’ यासाठी ‘सेप्चुअजनेरिअन’ किंवा ऐंशी ते एकोणनव्वद वयासाठी ‘ऑक्टोजनेरिअन’ हे शब्द बातम्यांत निर्वेधपणे वावरतात.

काही ठिकाणी तर इंग्रजीने हाती असलेला शब्दच गमावला आहे. उद्यानंतरच्या दिवसासाठी ‘ओव्हरमॉरो’ हा शब्द तिच्याकडे होता. माइल्स कव्हरडेल याच्या 1535 च्या इंग्रजी बायबलमध्ये तो आढळतो. कालच्या आदल्या दिवसासाठी ‘एअरयेस्टरडे’ होता. दोन्ही शब्द वापरातून गेले आणि त्यांच्या जागी चारचार शब्दांची वर्णने आली, जी मराठीत एकट्या ‘परवा’ने भागतात, अर्थात तो परवा येणारा की गेलेला, हे क्रियापदापर्यंत पोहोचल्यावरच कळते.