स्पोर्ट्स कारचं इंजिन बदलायचंय? आधी आरसी काढून बघा

सॅन स्टॉर्म आठवणारे इंदुरात आता थोडेच उरलेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली ही दोन सीटची, फायबरग्लास बॉडीची गाडी. पुढच्या बाजूला रेनोचं ११४९ सीसी पेट्रोल इंजिन, ताकद साठेक बीएचपी. माझ्या भाच्याच्या रामबागेतल्या घरामागे अशी एक बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. गाडी त्याच्या सासऱ्यांची, आणि सासरे आता नाहीत. फायबरला गंज लागत नाही म्हणून वरून ती देखणीच दिसते. खाली ब्रेकचे पाइप कुजलेत आणि इंजिन जाम आहे. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं न उघडलं तोच निकाल दिला, "भिया, मारुतीचं इंजिन टाकून देतो, दोन दिवसांत चालू."

चालू होईलही. पण मग ती गाडी आणि तिची आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) यांचा एकमेकांशी संबंध राहणार नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी करायची कागदांची कामं इथे लिहितो आहे.

कायदा कुठे अडवतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं याच कलमावर बोट ठेवलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-ए आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

गॅरेजमध्ये सगळ्यालाच 'इंजिन स्वॅप' म्हणतात, कागदावर मात्र ती तीन वेगळी कामं आहेत.

पहिलं म्हणजे जुनंच इंजिन बांधणं. इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, ठोकलेला असतो. ब्लॉक तोच ठेवून बोअर केला, स्लीव्ह टाकल्या, पिस्टन, रिंगा, क्रँक, अगदी हेडसुद्धा बदललं, तरी नंबर तोच राहतो आणि आरसीत काही बदलावं लागत नाही. ब्लॉक फुटलेला नसेल तर माझं मत सरळ आहे: जास्त पैसे गेले तरी हेच करा. खराद्याकडे (लेथवर काम करणाऱ्याकडे) दोन महिने हेलपाटे घालणं परवडतं.

दुसरं, त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवणं. याला वाट आहे, पण नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. परवानगी न घेता इंजिन बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत कळवून, फी भरून आरसी नोंदीसाठी द्यावी, असं कलम ५२ म्हणतं. या १४ दिवसांच्या भरवशावर राहू नका. आधी लेखी अर्ज करून होकार घ्या, मग इंजिन उतरवा.

तिसरं, मेकॅनिक म्हणतो ते: दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं इंजिन. सर्वसामान्य मालकाला ही वाट बंद आहे असंच धरून चाला. "पीथमपूरला टेस्टिंगचा एवढा मोठा ट्रॅक आहे, तिथून पास करून आणू" असं भाचा म्हणाला होता. ११.३ किलोमीटरचा तो नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा हाय-स्पीड ट्रॅक इंदूरहून तासाभरावर आहे खरा, पण नमुना-गाडीची मान्यता ही उत्पादकांनी आणि किट बनवणाऱ्यांनी घ्यायची गोष्ट. घरची एकुलती गाडी घेऊन तिथे रांग लावता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेणं कायद्यात बसतं, पण किट तुमच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं हवं आणि ते अधिकृत इन्स्टॉलरनंच बसवलेलं हवं.

अर्ज कोण करणार

ज्याच्या नावावर आरसी, तोच. भाच्याचं पहिलं अडखळणं इथेच झालं. मालक वारला असेल तर वारसानं फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. सोबत मृत्यू दाखला, मूळ आरसी, वारस असल्याचा पुरावा आणि बाकी वारसांची ना-हरकत. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत हा अर्ज करायचा. आमच्याकडे वारस भाच्याची बायको, म्हणून पुढचे सगळे अर्ज तिच्या नावानं. जावई कितीही हौशी असला तरी खिडकीवर त्याची सही चालत नाही.

विकत घेतलेली गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०. गोव्याच्या किंवा दुसऱ्या राज्याच्या पासिंगची असेल तर आधी तिथून फॉर्म २८ वर एनओसी, मग इथे फॉर्म २७ वर नवा नंबर आणि मध्य प्रदेशचा कर. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ नं बोजा उतरवून टाका.

मेलेली आरसी जिवंत करणं

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवायची. अर्ज फॉर्म २५ वर. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेपासून २० वर्षांवरच्या कारला ही फी १०,००० रुपये झाली. १५ ते २० वर्षांच्या कारला ५,०००. परदेशातून आणलेली २० वर्षांवरची कार असेल तर ८०,०००. उशिराच्या दर महिन्याला ५०० रुपये वेगळे, म्हणजे वर्षभर टाळाटाळ केली की ६,०००. नूतनीकरणाआधी तपासणी होते, त्यामुळे ब्रेक, दिवे, टायर, हॉर्न हे सगळं धड हवं. मुदत संपलेली गाडी चालवत नायता मुंडल्याच्या आरटीओत नेऊ नका. पहिल्यांदा पकडले गेलात तरी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. क्रेनवर चढवून न्या.

इंजिनासोबत काय काय मागून घ्यायचं

नवं इंजिन असेल तर जीएसटी बिल, त्यावर इंजिन नंबर छापलेला. "नंबर नंतर लिहून देतो" म्हणणाऱ्याला पैसेही नंतर द्या. जुनं असेल तर ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी रीतसर भंगारात गेल्याचा कागद. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून ठेव प्रमाणपत्र (गाडी भंगारासाठी जमा केल्याचा दाखला) मिळतं, त्याची प्रत मागा. इंजिन चोरीच्या गाडीचं नाही ना, यासाठी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर नंबर टाकून वाहन-एनओसी काढा. गॅरेजचं बसवल्याचं बिल, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि शपथपत्र हेही गठ्ठ्यात असू द्या. शपथपत्रात जुना नंबर, नवा नंबर, आणि जुन्या इंजिनाचं काय केलं, तिन्ही गोष्टी स्पष्ट असाव्यात.

आणि पेन्सिल छाप, म्हणजे कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घेतलेला ठसा. हे काम पाच मिनिटांचं वाटतं. आम्हाला अख्खी दुपार लागली. ब्लॉकवर तेलाची पापुद्र्यासारखी काजळी होती. डिझेलचं फडकं फिरवलं, पितळी ब्रशनं हलकेच घासलं (पॉलिश पेपर लावू नका, घासलेला नंबर म्हणजे खाडाखोड केलेला नंबर असाच संशय येतो), मग पातळ कागद चिकटपट्टीनं ताणून बसवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून फिरवली. अक्षरं उमटली तेव्हा कळलं की ब्लॉकवर 'बी' आहे आणि आरसीवर त्या जागी '८'. मूळ विक्रीच्या कागदांतच झालेली चूक, पंचवीस वर्षं कुणी पाहिली नव्हती. इंजिन न बदलताच दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. चेसिस नंबरची छापही त्याच दिवशी घ्या, दोन-तीन प्रती.

अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा, फी तिथेच दिसते आणि तिथेच भरायची. नंतर तपासणीसाठी गाडी समोर न्यायची.

'विंटेज' पाटीचा मोह असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुलै २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या विक्रीपासून ५० वर्षं व्हावी लागतात, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. १९९८ मध्ये विकली गेलेली स्टॉर्म २०४८ मध्ये त्या रांगेत उभी राहू शकेल, पण पोटात मारुतीचं इंजिन असेल तर नाही. भाचा हे ऐकून पहिल्यांदा गप्प झाला, आणि ब्लॉक खराद्याकडे गेला.

नवी आरसी हातात आली की पेन्सिल छाप शेजारी धरून इंजिन नंबर अक्षर-अक्षर जुळवा, मगच पुढचं. आरसीची एक प्रत त्याच आठवड्यात विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवर तोच नंबर चढवून घ्या.