इन्सार : डोंगराळ भागातील जमीन खचण्याचे रडार-मापन

उपग्रहावरील रडारने एकाच भूभागाची वेगवेगळ्या दिवशी टिपलेली चित्रे परस्परांशी ताडून जमीन किती खचली, सरकली किंवा वर उचलली गेली हे मोजण्याची पद्धती. तिचे पूर्ण नाव इंटरफेरोमेट्रिक सिंथेटिक अपर्चर रडार. मराठीत तिला रडार व्यतिकरणमिती म्हणता येईल, पण वापरात ‘इन्सार’ हेच रूढ आहे. सहाशे-सातशे किलोमीटर उंचीवरून काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर हालचाल तिला टिपता येते. रडारला उजेड लागत नाही आणि ढगांचा अडसर होत नाही, हा हिमालयासारख्या प्रदेशात मोठाच फायदा. भारतात ही पद्धती सर्वसामान्यांच्या कानावर पडली ती जानेवारी २०२३ मध्ये, उत्तराखंडातील जोशीमठ खचल्याच्या निमित्ताने.

तत्त्व : रडार सूक्ष्मतरंगांचे स्पंद जमिनीवर सोडते आणि परत आलेल्या तरंगाची तीव्रता व कला नोंदवते. कला म्हणजे तरंग त्याच्या आवर्तनात नेमका कुठे आहे ते. दोन फेऱ्यांमध्ये जमीन रडारपासून थोडी दूर गेली तर कला बदलते. तरंग जाऊन येतो, त्यामुळे अंतर अर्ध्या तरंगलांबीने वाढले की कलेचे एक आवर्तन पूर्ण होते. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-१ या उपग्रहाची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंमी. आहे, म्हणजे एका आवर्तनाला साधारण २.८ सेंमी. चित्रात ही आवर्तने रंगीत पट्ट्यांच्या रूपात दिसतात. अडचण अशी, की किती आवर्तने पूर्ण झाली हे कला सांगत नाही. घड्याळाचा मिनिटकाटा दिसावा आणि तासकाटा झाकलेला असावा, तसा हा प्रकार. शेजारच्या बिंदूंशी तुलना करत आवर्तने मोजावी लागतात आणि जमीन वेगाने व तुटकपणे खचत असेल तर ही मोजणी चुकू शकते. म्हणजे धोका जिथे सर्वाधिक, तिथेच मापन सर्वांत नाजूक.

डोंगरातील अडचणी : हा उपग्रह सरळ खाली पाहत नाही. तो कक्षेच्या एका बाजूला, उभ्या रेषेशी साधारण ३० ते ४५ अंशांचा कोन करून पाहतो. सपाट शहरात त्याने विशेष बिघडत नाही. डोंगरात रडारकडे तोंड केलेला उतार चित्रात आक्रसतो. उतार फारच उभा असेल तर शिखराचा प्रतिध्वनी पायथ्याच्या आधी परत येतो आणि शिखर पायथ्यावर कलंडलेले दिसते. पाठीमागची बाजू सावलीत जाते, तिथे माहितीच नसते. यावर उपाय म्हणून उपग्रह उत्तरेकडे जाताना आणि दक्षिणेकडे येताना घेतलेली चित्रे एकत्र वापरतात : एका फेरीत झाकलेला उतार बहुधा दुसऱ्या फेरीत दिसतो.

तिरक्या नजरेचा परिणाम आकड्यांवरही होतो. इन्सार मोजते ते रडारच्या दृष्टिरेषेवरील अंतर. ती खचण्याची खोली नव्हे. जमीन सरळ खाली गेली असेल आणि कोन ४० अंश असेल, तर दृष्टिरेषेवरचे ५ सेंमी. म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६.५ सेंमी. परंतु डोंगरउतार नुसता खाली जात नाही, तो पुढेही सरकतो. ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहाची नजर पूर्व किंवा पश्चिमेकडे असल्यामुळे उत्तर-दक्षिण दिशेची हालचाल त्याला जवळजवळ दिसतच नाही. उत्तरेकडे उतरणाऱ्या उताराच्या आकड्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवले नाही, तर सरकणे कमी आहे असा चुकीचा समज होतो. वर्तमानपत्रांत ‘इतके सेंटिमीटर खचले’ असे छापताना हा तपशील सहसा गळतो.

हवेचे प्रकरण आणखी फसवे. हवेतील बाष्पामुळे तरंगाला किंचित उशीर होतो. दरीत बाष्प जास्त, शिखरावर कमी; दिवसागणिक ते बदलते. त्यामुळे दोन चित्रांच्या फरकात उंचीनुसार बदलणारा एक खोटा नकाशा उमटतो आणि तो थेट डोंगर खचल्यासारखा दिसतो. हवामानाच्या प्रारूपांवरून तो वजा करतात, तरी थोडे शिल्लक राहतेच. भूरूपामुळे आलेली कलाही वजा करावी लागते. त्यासाठी फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी स्पेस शटलने टिपलेले उंचीचे नकाशे अजून वापरले जातात. त्यानंतर कुठे दरड कोसळून भूरूप बदलले असेल, तर ती चूक मापनात शिरते. शिवाय दोन चित्रांच्या दरम्यान बर्फ पडला, पाने झडली किंवा गवत वाढले, तर त्यांच्यातील सुसंगती मोडते आणि पट्ट्यांच्या जागी नुसता गोंधळ राहतो.

इतिहास : १९८९ मध्ये गॅब्रिएल, गोल्डस्टीन आणि झेबकर यांनी १९७८ च्या सीसॅट उपग्रहाची चित्रे वापरून कॅलिफोर्नियातील इंपीरियल खोऱ्यात सिंचनामुळे शेतजमिनीची उंची किंचित बदलल्याचे दाखवले. जून १९९२ मधील कॅलिफोर्नियाच्या लँडर्स भूकंपाचा इन्सार नकाशा १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पद्धतीकडे जगाचे लक्ष गेले. तो ईआरएस-१ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रांवरून केला होता. त्याच उपग्रहाच्या आधारे फ्रेंच आल्प्समधील सेंट एतिएन द तिने येथील सरकत्या उताराचा अभ्यास १९९६ पर्यंत झाला. नंतर मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये फेरेत्ती, प्राती आणि रोक्का यांनी स्थिर परावर्तक बिंदूंची पद्धत मांडली : घराचे कोपरे, उघडे खडक, लोखंडी खांब असे वर्षानुवर्षे सारखाच प्रतिध्वनी देणारे बिंदू निवडायचे आणि डझनावारी चित्रांतून फक्त त्यांचा माग काढायचा. हवेचा खोटा परिणाम त्यामुळे बराच गाळता येतो. २०१४ मध्ये सेंटिनेल-१ मालिकेतला पहिला उपग्रह, सेंटिनेल-१ए, सोडला गेला आणि त्याची चित्रे कोणालाही मोफत मिळू लागली. आज या विषयावर जे काम होते त्यातला मोठा भाग याच निर्णयामुळे शक्य झाला आहे.

जोशीमठ : चमोली जिल्ह्यातील हे गाव सुमारे १,९०० मी. उंचीवर, जुन्या भूस्खलनाच्या राडारोड्यावर वसले आहे. हे गुपित नव्हते. गढवालचे तत्कालीन आयुक्त मिश्रा यांच्या समितीने १९७६ मध्येच ते नोंदवून जड बांधकामावर निर्बंध सुचवले होते. त्यानंतरही हॉटेले, रस्ते, सैन्याची ठाणी वाढत गेली. सांडपाण्याचा निचरा मात्र नीट झाला नाही. डिसेंबर २००९ मध्ये तपोवन-विष्णुगाड जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात खोदयंत्राने भूजलाचा साठा फोडला. जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला मारवाडी भागात जमिनीतून गढूळ पाणी उसळले, शेकडो घरांना तडे गेले, दोन हॉटेले एकमेकांवर कलली आणि पाडावी लागली.

त्याच महिन्यात इस्रोच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने सेंटिनेल-१ च्या चित्रांवर आधारलेला प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या सात महिन्यांत ८.९ सेंमी.पर्यंत, तर २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत ५.४ सेंमी. खचणे त्यात दिसले. बारा दिवस म्हणजे सेंटिनेल-१ए ची एक आवृत्ती : उपग्रह त्याच जागी परत यायला तेवढाच काळ लागतो. दिवसाचा दर काढला तर वेग सुमारे दहापट झाला होता. खचलेल्या पट्ट्याचा माथा जोशीमठ-औली रस्त्याजवळ २,१८० मी. उंचीवर होता, नरसिंह मंदिर आणि सैन्याचे हेलिपॅड या पट्ट्यात येत होते. वर निमुळता, खाली पंख्यासारखा पसरलेला त्याचा आकार भूस्खलनाशी जुळणारा होता. या सगळ्यात आकड्यांइतकाच हा आकार मोलाचा आहे, कारण तो एखादे घर किंवा मोहल्ला नव्हे तर अख्खा उतार हलत असल्याचे सांगतो.

५.४ सेंमी. म्हणजे जवळजवळ दोन पूर्ण आवर्तने, तेव्हा वर सांगितलेली आवर्तनांची मोजणी इथेही नाजूकच ठरते. औलीकडून विष्णुप्रयागकडे येणारा हा उतार ढोबळमानाने उत्तरेकडे उतरतो, म्हणजे उताराच्या पुढे सरकण्याचा बराच भाग उपग्रहाच्या नजरेबाहेर राहतो. शिवाय इन्सार कारण सांगत नाही. पाणी मुरल्याने, बोगद्याने की बांधकामाच्या भाराने, याचा निवाडा भूजल आणि भूगर्भ तपासूनच करावा लागतो.

अहवाल थोड्याच दिवसांत संकेतस्थळावरून काढून घेण्यात आला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संस्थांना प्रसारमाध्यमांशी परस्पर बोलू नये असे कळवले होते. गोंधळ टाळणे हे त्यामागचे कारण सांगितले गेले. पण ज्यांच्या घरांना तडे गेले होते त्यांना आकडे न दाखवल्याने गोंधळ कमी होतो, हे पटण्यासारखे नाही. निरनिराळ्या संस्थांचे सविस्तर अहवाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर, सप्टेंबर २०२३ मध्ये खुले झाले. याउलट नॉर्वेने २०१८ मध्ये अख्ख्या देशाचा इन्सार नकाशा लोकांसाठी खुला केला. २०२२ पासून युरोपच्या मोठ्या भागासाठी अशी सेवा उपलब्ध आहे.

पूर्वसूचना : चीनच्या सिचुआन प्रांतातील शिन्मो गावावर २४ जून २०१७ रोजी डोंगर कोसळला. नंतर सेंटिनेल-१ ची आधीची चित्रे तपासली तेव्हा उताराचा माथा कोसळण्यापूर्वी अधिकाधिक वेगाने सरकत असल्याचे आढळले. माहिती साठलेली होती, पाहणारे कोणी नव्हते. तरीही शेवटच्या तासांचा इशारा उपग्रह देऊ शकत नाही. त्यासाठी समोरच्या डोंगरावर बसवलेले, काही मिनिटांनी मापन घेणारे रडार लागते. स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ हे गाव मे २०२३ मध्ये अशाच सततच्या जमिनीवरील निरीक्षणांच्या आधारे रिकामे करण्यात आले आणि जूनच्या मध्यावर दरड गावाच्या उंबरठ्याशी येऊन थांबली.

सह्याद्रीत या पद्धतीचा उपयोग मर्यादित आहे. माळीण (३० जुलै २०१४) किंवा इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दरडी अतिवृष्टीत अचानक सुटलेल्या होत्या. बारा दिवसांनी फिरकणाऱ्या उपग्रहाच्या हाती अशा वेळी फारसे लागत नाही. त्यात पावसाळ्यातली दाट हिरवळ. घाटांतील हळू सरकणारे उतार, रस्त्यांसाठी कापलेल्या कडा आणि धरणांच्या भिंती यांवर मात्र ती लागू पडते. नैसर्गिक परावर्तक नसतील तिथे तीन धातूपत्रे काटकोनात जोडून बनवलेले परावर्तक बसवतात.

इस्रो आणि नासा यांचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यावर एल आणि एस अशा दोन तरंगलांबी-पट्ट्यांची रडारे आहेत. तोही बारा दिवसांनी त्याच जागी येतो. एल पट्ट्याची तरंगलांबी सुमारे २४ सेंमी. असल्याने तरंग झाडोऱ्यातून बराच आत जातो आणि सुसंगती अधिक काळ टिकते. एक आवर्तन १२ सेंमी.चे होते, म्हणजे जोशीमठसारखे ५.४ सेंमी. खचणे एका आवर्तनाच्या निम्म्यातही मावते. किंमत अशी, की सूक्ष्म हालचाल टिपण्याची धार थोडी बोथट होते आणि लांब तरंगांवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, परिणाम अधिक होतो, तो वेगळा वजा करावा लागतो.