अळकुडी आणि रताळं: न्यू गिनीच्या डोंगरातली दोन शेतं

न्यू गिनीच्या डोंगराळ भागाबद्दल काहीही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: इथले लोक कंदमुळं लावतात आणि डुकरं पाळतात. वाक्य खोटं नाही. पण त्यात दोन अगदी निराळ्या शेती एकाच टोपलीत कोंबलेल्या असतात. एक अळकुडीची, म्हणजे आपण ज्याच्या पानांच्या वड्या करतो त्या अळूच्या कंदाची. दुसरी रताळ्याची. यातलं मुख्य पीक कोणतं, यावर त्या वस्तीत माणसं किती, डुकरं किती आणि जंगल किती उरलंय याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

आधी नकाशा, कारण इथेही एक गोंधळ होतो. बेटाच्या पश्चिम अर्ध्यावर इंडोनेशियाचा पापुआ आहे, पूर्वेला पापुआ न्यू गिनी हा स्वतंत्र देश. मधली सीमा बरीचशी १४१ रेखांशाला धरून आखलेली. कंदांना तिच्याशी काही देणंघेणं नाही. मी तुलनेला घेतोय ती दोन्ही ठिकाणं पूर्वेकडची आहेत. सीमेजवळचं टेलेफोमिन हा अळकुडीचा मुलूख. त्याच्या पूर्वेला एंगा प्रांत, वाबाग हे त्याचं मुख्य गाव, तिथे रताळं. दोन्हींमधलं सरळ रेषेतलं अंतर अडीचशे किलोमीटरसुद्धा नाही.

झाडं वेगळी ओळखायला कष्ट नाहीत. अळूची पानं देठावर ताठ उभी राहतात, रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो. अळकुडी हा खोडाचाच फुगलेला भाग, रताळं मात्र मूळ. हा फरक पुस्तकी वाटतो, पण शेताची सगळी घडी त्यावर बसलेली आहे.

टेलेफोमिनकडे अळूची लावणी करायची तर जंगलाचा एक तुकडा मोकळा करतात. झाडं तोडतात, पण बुंधे आणि ओंडके तसेच पडलेले असतात. शेत म्हणून आपल्या डोळ्यांना जे अपेक्षित असतं, सरी-वाफा वगैरे, त्यातलं काही दिसत नाही. टोकदार काठीने जमिनीत भोक पाडायचं आणि त्यात अळूचं रोप सोडायचं. हे रोप येतं कुठून? जुन्या वावरातून. कंद उपटला की देठांचा खालचा भाग आणि कंदाचा पातळ काप एवढं राखून बाकीचा कंद खायला घेतात. राखलेला शेंडा हेच पुढचं बियाणं. तो फार दिवस ठेवता येत नाही. म्हणजे आज जेवायला अळकुड्या काढल्या, तर लवकरच शेंडे लावायला कुठेतरी जमीन तयार हवी, आणि तीही कसदार हवी, कारण अळू भुकेलं पीक आहे. एकदा पीक घेतलं की तो तुकडा जंगलाच्या ताब्यात देऊन टाकतात आणि पुन्हा तिथे वळायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. अळकुडीवाल्यांचं वावर असं सतत पुढे सरकत असतं, आणि त्याला सरकायला चिक्कार जंगल लागतं. माणसं विरळ असली तरच हे जमतं, आणि टेलेफोमिन भागात ती फारच विरळ आहेत.

एंगामधलं दृश्य याच्या उलट. उतारावर मातीचे गोल ढिगारे, एकाला लागून एक, प्रत्येक तीन-चार मीटर रुंद. बाया मध्यभागी गवत, जुने वेल, पालापाचोळा यांची रास घालतात, ती कुजायला लागली की आजूबाजूची माती ओढून झाकतात आणि वर वेलाचे तुकडे खोचतात. पीक निघालं की ढिगारा फोडायचा, त्यात नवं गवत भरायचं, पुन्हा बांधायचा. त्याच जागी, वर्षानुवर्षं. पडीक ठेवायची गरज जवळपास संपते. इंडोनेशियाच्या बाजूला बालिएम खोऱ्यातले दानी लोक हेच काम चर खणून करतात. चरांतला गाळ उपसून वाफ्यांवर पसरतात. पद्धत वेगळी, हिशेब तोच: जमीन बदलायची नाही, कस परत आणायचा.

रताळ्याची काढणी बघण्यासारखी असते. ढिगाऱ्याची माती बोटांनी चाचपायची, मोठं रताळं लागलं की तेवढंच काढायचं, धाकटी तशीच ठेवून माती परत दाबायची. एकच वेल कित्येक महिने पुरवतो. अळूच्या बाबतीत असला लाड नाही, मुख्य कंद उपटला की रोप संपलं.

उंचीचं गणितही यात आहे. अळू साधारण २४०० मीटरपर्यंत येतं, आणि तिथे पोचेपर्यंत फारच रेंगाळतं. रताळं २७०० मीटरपर्यंत तग धरतं. मधल्या तीनशे मीटरांत एंगाची बरीच वस्ती आहे. पण तिथे दहिवर गोठतं. ढिगाऱ्याच्या गोलाईचा एक उपयोग इथे कळतो: थंड हवा जड असते, ती खालच्या पन्हळीत उतरते आणि माथ्यावरचा वेल साध्या थंडीत वाचतो. मोठ्या थंडीपुढे मात्र काही चालत नाही. १९७२ मध्ये आणि पुन्हा १९९७ च्या एल निन्योत वरच्या भागातले वेल काळे पडले आणि बाहेरून धान्य आणावं लागलं. अशा वेळी लोक खालच्या खोऱ्यांतल्या सोयऱ्यांकडे जातात, तिथे राहतात आणि परतताना लावायला वेल घेऊन येतात. एंगा लोक लांबलांबची नाती इतकी का जपतात, याचं एक सरळ उत्तर या थंडीत आहे.

आता डुकरं. अळकुडी कच्ची खाल्ली तर घसा खाजतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आपल्या स्वयंपाकघरात अळूला चिंच किंवा आमसूल लागतं ते यासाठीच. डुकरालाही ती शिजवूनच घालावी लागते, म्हणजे सरपण आणि मेहनत. रताळं डुक्कर कच्चंच मटकावतं. शिवाय काढणी झालेल्या वावरात डुकरं सोडली की उरलंसुरलं उकरून खातात आणि जमीनही उलटीपालटी करतात. एंगामध्ये रताळ्याच्या पिकाचा मोठा वाटा माणसांच्या नव्हे, डुकरांच्या पोटात जातो. ही डुकरं पुढे ‘ते’ नावाच्या देवाणघेवाणीत कुळाकुळांतून फिरत. त्यातून पुरुषांना नाव मिळे. रोज संध्याकाळी रताळ्यांची झोळी कपाळावर अडकवून घरी येणाऱ्या बाईला काय मिळे, हा प्रश्न बाहेरच्या अभ्यासकांनी बराच उशिरा विचारला. टेलेफोमिनकडे पाळीव डुकरं कमी, शिकारीला मान जास्त.

आणि एक मुद्दा, जो अनेकांना उलटा वाटतो: आज डोंगरभर दिसणारं रताळं हे उपरं पीक आहे. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या उपवासाच्या रताळ्यासारखंच. न्यू गिनीच्या डोंगरात ते बहुधा गेल्या तीन-चारशे वर्षांतच आलं. अळू इथलं जुनं. माउंट हेगन या डोंगरातल्या शहराजवळ कुक नावाची दलदल आहे. जॅक गोल्सन यांच्या तुकडीने १९७० च्या दशकात तिथे मोठं उत्खनन केलं. त्यातून आणि नंतरच्या कामातून सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे लागवडीचे उंचवटे आणि पुढच्या काळातले चर सापडले. दगडी अवजारांवर अळूचे स्टार्चकण मिळाले. २००८ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. शेती जगात ज्या मोजक्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाली, त्यांतलं हे एक.

त्याआधी, १९६५ मध्ये, जेम्स वॉटसन या मानववंशशास्त्रज्ञाने मांडलं होतं की रताळं आलं आणि शिकारी लोक शेतकरी झाले. कुकमुळे त्यातलं ‘शेतकरी झाले’ हे निकालात निघालं. मला उरलेला अर्धा भाग मात्र पटतो: रताळ्याने माणसं आणि डुकरं वाढवली, वस्ती वर चढवली. एंगा आणि सिम्बू या डोंगरी प्रांतांच्या काही भागांत चौरस किलोमीटरला शंभराच्या वर माणसं राहतात, ती नुसत्या अळकुडीवर राहिली असती असं वाटत नाही. तरी सगळं श्रेय पिकाला देऊ नये. टेलेफोमिनलाही रताळं पोचलंच आहे, पण तेवढ्याने तिथे एंगासारखी दाट वस्ती झाली नाही.

टेलेफोमिनच्या अळकुडीमागे श्रद्धाही होती. तिथल्या टेलेफोल लोकांची आदिमाता आफेक. तिने टेलेफोलिप गाव वसवलं, तिथलं देवघर बांधलं, आणि ते घर उभं आहे तोवर आसपासच्या सगळ्या मुलखात अळकुडी पिकेल अशी समजूत होती. शेजारच्या जमातीही ती मानत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ख्रिस्ती पुनरुज्जीवनाची लाट आली आणि त्या भागातल्या कित्येक गावांनी आपापली देवघरं मोडून टाकली. रताळ्याभोवती टेलेफोमिनमध्ये असं काही जमलं नाही. ते पोटाला आधार म्हणून आलं आणि तसंच राहिलं. गंमत म्हणजे रताळ्याच्या मुलखातही मेजवानीला अळकुडी लागतेच. रोज खायचं रताळं, पाहुण्यापुढे अळकुडी.

सध्याचा फरक रस्त्याचा आहे. एंगा आणि माउंट हेगनकडचं रताळं, टोक पिसिन या तिथल्या बोलभाषेत ‘काउकाउ’, पोत्यांत भरून हायलँड्स हायवेने लेच्या बंदरात उतरतं आणि तिथून बोटीने पोर्ट मोर्स्बी या राजधानीला जातं. त्यातून रोख पैसा येतो, म्हणून आता ढिगारे विक्रीसाठीही बांधले जातात. टेलेफोमिनला देशाच्या बाकी भागाशी जोडणारा रस्ता नाही, छोटी विमानं आहेत. अळकुडी जड असते आणि विमानाचं भाडं किलोवर लागतं, त्यामुळे ती बाहेर विकून पैसा करणं अवघडच. तिथल्या बऱ्याच जणांनी रोख पैशासाठी १९८४ पासून सुरू असलेल्या ओक टेडीच्या तांबे-सोन्याच्या खाणीची वाट धरली.