खिशातला कॅमेरा आणि सेन्सरची ओढाताण

मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), लांब झूम आणि खिशात मावणारा आकार हे तिघे एका कॅमेऱ्यात कधीच सुखाने नांदले नाहीत. ॲडव्हान्स्ड कॉम्पॅक्टच्या, म्हणजे बरेचसे नियंत्रण हाती देणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांच्या, प्रत्येक पिढीने यातल्या कुणाला तरी घराबाहेर काढले आहे.

२००० साली कॅननचा पॉवरशॉट जी१ आला: ३.३ मेगापिक्सेल, एफ/२ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), फिरता स्क्रीन, मॅन्युअल नियंत्रण, शिवाय रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद. पुढे मेगापिक्सेलची शर्यत लागली. २००६च्या जी७मधून रॉ चक्क गायब झाले आणि वर्षभरात जी९मध्ये परत आले. २००८च्या जी१०मध्ये १/१.७ इंची, म्हणजे जेमतेम ७.६ × ५.७ मिमीच्या सेन्सरवर १४.७ मेगापिक्सेल कोंबले होते. उन्हात चित्र सुरेख यायचे, पण कमी उजेडासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवला की रवाळ व्हायचे. २००९च्या जी११मध्ये कॅननने आकडा १०वर आणला. जाहिरातीत मिरवायचा आकडाच कमी करायचा, हे त्या काळात धाडसच. पॅनासोनिकने एलएक्स३मध्ये वर्षभर आधीच १० मेगापिक्सेलवर थांबून झूमवर पाणी सोडले होते: पल्ला २४–६० मिमी (आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ), पण एफ/२–२.८.

सेन्सरची ही इंची नावे फसवी आहेत. ती जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या व्हिडिकॉन नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आली. त्यामुळे ‘एक इंची’ सेन्सरचा कर्णसुद्धा १६ मिमीच्या आसपासच भरतो. तुलना करायची तर मिलिमीटरमध्ये करावी.

हाच १३.२ × ८.८ मिमीचा सेन्सर सोनीने २०१२ साली आरएक्स१००मध्ये बसवला. क्षेत्रफळ १/१.७ इंचीच्या पावणेतीन पट, तरी कॅमेरा शर्टाच्या खिशात जाईल एवढाच. किंमत मोजली लेन्सने. २८ मिमीला एफ/१.८, पण १०० मिमीला एफ/४.९. म्हणजे झूम पूर्ण ताणल्यावर प्रकाश सातव्या हिश्शाहून कमी. आयएसओ तोच ठेवला तर १/१२५ सेकंदाचा शटर १/१५च्या आसपास घसरतो. हाताचा कंप स्टॅबिलायझर सांभाळून घेईल, पण पळणारे मूल पुसटच येणार. म्हणून खोक्यावरचा पहिला एफ आकडा सोडून दुसरा वाचावा.

आरएक्स१००च्या २०१४च्या तिसऱ्या आवृत्तीने झूम २४–७० मिमीवर आणून एफ/१.८–२.८ दिले, वर उघडणारा व्ह्यूफाइंडरही. सर्वसाधारण फोटोग्राफीसाठी सगळ्या मालिकेत हीच तडजोड सर्वांत शहाणी वाटते. २०१८च्या सहाव्या आवृत्तीत २४–२०० मिमी आले. त्यापायी सुरुवातच एफ/२.८ झाली आणि आतला एनडी फिल्टर, म्हणजे जादा प्रकाश अडवणारी गडद काच, गेला.

झूमलाच नारळ देणारी वेगळी शाखाही याच काळात वाढली. २०११चा फुजीफिल्म एक्स१०० आणि २०१३चा रिको जीआर, दोघांतही एपीएस-सी (एक इंचीहून बराच मोठा) सेन्सर आणि एकच स्थिर फोकल लेंथ.

दरम्यान मोबाइलने स्वस्त कॉम्पॅक्ट गिळून टाकले. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदींत २०१० साली लेन्स न बदलणाऱ्या कॅमेऱ्यांची पाठवणी १० कोटींवर होती, २०२३ साली ती २० लाखांच्याही खाली आली. लहान सेन्सरच्या कॉम्पॅक्टकडे आता दूरचा झूम किंवा पाण्यात चालणारी बांधणी एवढेच भांडवल उरले.

वापरलेला कॅमेरा घेताना लेन्सचे छिद्र एफ/११ किंवा त्याच्या जवळपास आवळून कोऱ्या भिंतीचा फोटो काढावा, म्हणजे सेन्सरवरच्या धुळीचे डाग दिसतात. आतबाहेर सरकणारी लेन्स हवेबरोबर धूळही ओढते. सेन्सरवर बसलेला कण इथे ब्लोअरने उडवता येत नाही, त्यासाठी अख्खा कॅमेरा उघडावा लागतो.